खंबीर मनाच्या सिद्धान्ताचा प्रतिवाद

दीर्घकालीन आजारात माणसाचे मन खचते ते आजारामुळे कमी आणि त्याला तोंड देण्याच्या चुकीच्या रीतीमुळे अधिक. ज्याचे मन खंबीर तो मधुमेहात, आमवातात, फार काय मूत्रपिंडे निकामी झाल्यावरही प्रसन्न राहतो, आणि ज्याचे मन दुर्बळ तो किरकोळ दुखण्यानेही हताश होतो. सबब रुग्णास औषधापेक्षा धीराचा उपदेश अधिक गुणकारी ठरतो, असा एक सिद्धान्त अलीकडे व्याख्यानमालांतून, वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांतून, दवाखान्यांच्या भिंतींवरील सुवचनांतून आणि समाचाराला आलेल्या आप्तेष्टांच्या तोंडून इतक्या निःशंकपणे मांडला जातो की, तो तपासून पाहावा असे कोणास वाटेनासे झाले आहे. त्याचा उच्चार करणारी माणसे बहुधा सद्भावनेनेच बोलतात, आणि त्यात सत्याचा एक अंश निश्चित आहे. परंतु त्या अंशालाच पूर्ण सत्य मानले गेल्यामुळे, ज्यांना आधार मिळायचा त्यांच्याच माथी दोष लादला जात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून संगमेश्वर तालुक्यातील रुग्णांची नित्याची परिस्थिती समोर ठेवून मी या सिद्धान्ताचा प्रतिवाद करीत आहे.

प्रतिपक्षाला न्याय द्यायचा तर त्याचे म्हणणे प्रथम त्याच्याच बाजूने मांडले पाहिजे. त्याचे आधार चार आहेत. पहिला आधार अनुभवाचा: एकाच वाडीतील, एकाच वयाच्या, एकाच रोगाने पीडलेल्या दोघांपैकी एक हसतमुखाने दिवस काढतो आणि दुसरा अंथरूण धरतो, रोग समान असता परिणाम भिन्न होतो, तेव्हा भेदाचे कारण मनातच असले पाहिजे. दुसरा आधार शास्त्राचा: मानसशास्त्रज्ञांनी तोंड देण्याच्या रीतींची वर्गवारी केली असून, प्रश्नाला हात घालणारा रुग्ण प्रश्न टाळणाऱ्या रुग्णापेक्षा कमी खिन्न असतो, असे पुष्कळ पाहण्यांत आढळले आहे. तिसरा आधार थोरांच्या चरित्राचा: याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी मधुमेह अंगात असताना मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले. आणि चौथा आधार परंपरेचा: कोकणी माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने सोसत आला, संतांनी त्याला स्वीकार शिकवला, आणि दुःखाची वाच्यता जितकी कमी तितके ते हलके होते. या चारही आधारांचा क्रमाने विचार करू. मात्र प्रतिपक्षाचा भर ज्यावर सर्वांत अधिक असतो त्या शास्त्रापासून आरंभ करणे योग्य होईल.

या विषयातील आजवरच्या चर्चेचा पाया रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने घातला. त्यांचे प्रतिपादन असे की, संकट समोर ठाकले असता माणूस जाणता-अजाणता दोन गोष्टींचा अंदाज घेतो: यात माझे काय पणाला लागले आहे, ही एक, आणि याबाबत मला काय करता येण्याजोगे आहे, ही दुसरी. दुसऱ्या अंदाजात शरीरबळ, पैसा, माहिती, वेळ आणि पाठीशी उभी असलेली माणसे या सर्वांचा हिशेब येतो, आणि त्या हिशेबातून जी वागणूक निपजते तिलाच तोंड देण्याची रीत म्हणायचे. प्रश्नाला हात घालणारी रीत आणि भावनेला सावरणारी रीत असा जो भेद त्यांनी केला, तो माणसांचा भेद नव्हता. एकच माणूस सकाळी एका रीतीने आणि संध्याकाळी दुसऱ्या रीतीने वागतो, असे त्यांनी बजावून सांगितले होते. जे आवाक्यात आहे तेथे प्रश्नाला हात घालावा, जे आवाक्यात नाही तेथे भावनेला सावरावे, हेच या विचाराचे तात्पर्य. या मूळ मांडणीतून साधनांचा हिशेब वगळून केवळ रीतींची नावे उचलली आणि ती स्वभावाची नावे म्हणून रुग्णांना चिकटवली, तर ज्या शास्त्राची साक्ष काढली त्याच शास्त्राचा विपर्यास होतो. आणि प्रतिपक्षाने नेमका तो केला आहे.

हा साधनांचा हिशेब म्हणजे काय, ते या तालुक्यात फिरल्यावाचून उमगत नाही. तालुक्याचे नाव संगमेश्वर, पण तहसील कचेरी देवरुखास. जिल्हा रुग्णालय रत्नागिरीस. मोठे धर्मादाय रुग्णालय म्हणावे तर ते चिपळूण तालुक्यात डेरवणास. आणि या सर्वांना जोडणारा मुंबई-गोवा महामार्ग चौपदरीकरणाच्या कामाने दशकाहून अधिक काळ खणलेल्या अवस्थेत राहिलेला. सह्याद्रीच्या उतारावर दऱ्याखोऱ्यांतून विखुरलेल्या ज्या वाड्या आहेत, त्यांपैकी कित्येकांतून मुख्य रस्त्यापर्यंत यायचे तर पावसाळ्यात साकवावरून जावे लागते, आणि ज्याला चालवत नाही त्याला डोलीतून आणावे लागते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त यंत्राने शुद्ध करण्याचा उपचार सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास करावा लागतो. मुलगे नोकरीनिमित्त मुंबईस, घरी वृद्ध पत्नी, वस्तीची गाडी पहाटे सुटणार, ती चुकली तर दिवस बुडणार, अशा स्थितीत एखादी खेप गाळणाऱ्या रुग्णाच्या नावापुढे 'टाळाटाळ करणारा' असा शेरा कोणी मारला, तर त्या शेऱ्यात रुग्णाच्या मनाविषयी काडीचीही माहिती नसते. जी आहे ती रस्त्याविषयी, गाडीच्या वेळेविषयी आणि घरातील माणसांच्या संख्येविषयी आहे.

हीच गोष्ट मधुमेहाची. आहार बदला, व्यायाम करा, पायांची निगा राखा, हा सल्ला निर्विवाद योग्य आहे. परंतु जिच्या घरात सकाळची पेज आणि दोन्ही वेळचा भात हेच पोट भरण्याचे मुख्य साधन आहे, आणि जिला आषाढात लावणीसाठी दिवसभर अनवाणी चिखलात उभे राहायचे आहे, त्या स्त्रीच्या पायाला संवेदना कमी झाल्यामुळे जखम कळली नाही आणि ती चिघळली, तर तिने आजाराकडे दुर्लक्ष केले असे म्हणणे हा अन्याय होय. आमवाताने सांधे धरलेल्या बाईला पहाटेचे पहिले दोन तास हाताची मूठ वळता येत नाही, आणि घरातली चूल मात्र त्याच दोन तासांत पेटायची असते. तिने त्या वेळी मुकाट्याने अश्रू ढाळले तर तो तिच्या मनाचा दुबळेपणा ठरत नाही. शासकीय साहाय्य मिळवायचे तर उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र आणि अर्जासोबतची कागदपत्रे जमविताना कचेरीच्या ज्या खेपा पडतात, त्या धडधाकट माणसालाही नकोशा होतात. ज्याचा दम चार पावलांत लागतो त्याने दुसऱ्या खेपेनंतर अर्जाचा नाद सोडला, तर त्याने आपल्या शक्तीचा अचूक अंदाज घेतला एवढेच म्हणता येईल.

आता अनुभवाचा आधार घेऊ. एकाच वाडीतील दोन रुग्णांचा रोग समान असतो, हे गृहीतच मुळात तपासण्यासारखे आहे. रोगाचे नाव समान असते. त्याची तीव्रता, त्याचा काळ, त्याच्या जोडीला आलेले दुसरे विकार, घेतलेली औषधे आणि घरची परिस्थिती यांपैकी काहीही समान असेलच असे नाही. शिवाय खिन्नता ही अनेकदा शरीरातूनच उद्भवते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा स्राव कमी पडला म्हणजे माणूस सुस्त आणि उदास होतो. कंपवाताच्या रोगात हात कापू लागण्यापूर्वीच कित्येकांच्या मनावर मळभ येते. आमवातावर आणि दम्यावर दीर्घकाळ दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड औषधांनी मनःस्थितीत मोठे चढउतार होतात. अशा रुग्णाला मन घट्ट करण्यास सांगणाऱ्याने त्याच्या रक्ताची तपासणी झाली आहे काय एवढे आधी विचारले असते, तर पुष्कळ उपदेश वाचला असता. ज्या पाहण्यांचा हवाला दिला जातो त्यांपैकी अनेकींत रुग्णाची रीत आणि त्याची खिन्नता ही दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्रश्नावलीने मोजलेली असतात. त्यावरून दोहोंचा संबंध सिद्ध होतो, पण कारण कोणते आणि कार्य कोणते हे सिद्ध होत नाही. माणूस टाळतो म्हणून खिन्न होतो, की खिन्न झाल्यामुळे त्याच्याने काही करवत नाही म्हणून टाळतो, याचा निर्णय तेवढ्या पुराव्यावर कोणताही विचारी न्यायाधीश देणार नाही.

जिद्दीने रोग हटतो या कल्पनेची तर प्रत्यक्ष परीक्षा झालेली आहे. १९७९ साली इंग्लंडमधील एका लहान अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगाला लढाऊ वृत्तीने सामोऱ्या जाणाऱ्या स्त्रिया अधिक काळ जगतात असे आढळले, आणि ती वार्ता जगभर पसरली. पुढे तेथेच ५७८ स्त्रियांची पाच वर्षे पाहणी करून १९९९ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात लढाऊ वृत्तीचा आयुर्मर्यादेवर काहीही परिणाम दिसला नाही. आठ वर्षांनी अमेरिकेत डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १०९३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही भावनिक प्रसन्नतेने आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. परंतु १९९९ च्या त्याच पाहणीतील दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो: ज्या स्त्रिया पराकाष्ठेच्या असहायतेत आणि निराशेत बुडाल्या होत्या, त्यांची प्रकृती मात्र अधिक ढासळली. म्हणजे जिद्दीचे प्रदर्शन करण्याने आयुष्य वाढले नाही, पण असहायता घातक ठरली. मग समाजाचे कर्तव्य कोणते? रुग्णाकडून शौर्याची मागणी करणे, की त्याची असहायता कमी होईल अशी तजवीज करणे? पुरावा निःसंशय दुसऱ्या पक्षाकडे झुकतो.

लोकमान्यांचे उदाहरण देणाऱ्यांविषयी मला आदर आहे, कारण त्या धैर्यापुढे कोणाचेही मस्तक नमावे असेच ते होते. १९०८ पासून १९१४ पर्यंतच्या मंडालेच्या कारावासात, मधुमेह असताना, १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी गीतारहस्याचा मसुदा लिहिला. पुढे १९१५ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु या घटनेतून प्रतिपक्ष काढतो तो निष्कर्ष निघत नाही. आहाराचा काटेकोर नियम पाळण्याची सवड, स्वयंपाकासाठी सोबतीला दिलेला मराठी कैदी, आणि मागवलेले शेकडो ग्रंथ, एवढे त्यांना त्या एकांतातही उपलब्ध होते, आणि त्यांच्या असामान्य बुद्धीने त्याचे सोने केले. धैर्यालाही उभे राहण्यास काही भूमी लागते, हेच यातून दिसते. ते १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. पुढच्याच वर्षी टोरोंटोमध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका रुग्णाला टोचण्यात आले. त्यापूर्वी ज्या मुलांना बालवयातील मधुमेह जडला ती अल्पावधीतच दगावत, आणि त्यानंतर तशीच मुले जगू लागली. त्या दोन पिढ्यांतील मुलांच्या मनोबलात काही अंतर पडले होते काय? क्षयाबाबतही जगाने हाच अनुभव घेतला. तो हळव्या, अंतर्मुख प्रकृतीच्या माणसांचा रोग आहे अशी समजूत युरोपात दीर्घकाळ रूढ होती. १८८२ साली जंतुशास्त्रज्ञ कॉखने क्षयाचा जंतू दाखवून दिला आणि १९४० नंतरच्या दशकात परिणामकारक औषधे हाती आली, तेव्हा ती समजूत निराधार ठरली. ज्या रोगाचा इलाज सापडलेला नसतो किंवा परवडत नसतो, त्याचाच भार रुग्णाच्या स्वभावावर टाकला जातो, ही इतिहासाची शिकवण आहे.

उरला परंपरेचा आधार, आणि येथे तर प्रतिपक्षाने आपल्याच परंपरेचे अर्धेच वाचन केले आहे. तुकोबांच्या वाणीत स्वीकार आहे तसा आकांतही आहे. दुष्काळात पत्नी व पुत्र गमावलेल्या त्या पुरुषाने आपले दुःख गिळून टाकले नाही, ते विठ्ठलापुढे मांडले, त्याच्याशी भांडण केले आणि त्याला जाबही विचारला. ज्या गीतेचा आधार घेऊन रुग्णाला स्थितप्रज्ञ होण्यास सांगतात, तिचा पहिला अध्यायच अर्जुनाच्या विषादाच्या नावाने ओळखला जातो. भगवंतांनी उपदेशास आरंभ केला तो त्याचे सर्व ऐकून घेतल्यावर. आणि आमच्या कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याची जी वहिवाट आहे, तिच्यात घराघराचे संकट नावानिशी, मोठ्या आवाजात, गावासमक्ष सांगितले जाते आणि जमलेले सर्व 'व्हय महाराजा' म्हणून त्याला साथ देतात. एकाचे दुःख सर्वांनी ऐकायचे आणि ते दूर व्हावे अशी मागणी सर्वांनी मिळून करायची, ही या भूमीची रीत होय. मुकाट्याने सोसणे हीच आमची परंपरा, असे म्हणणारा या वहिवाटीकडे डोळेझाक करतो. तुरळ, राजवाडी, आरवली येथील गरम पाण्याच्या उन्हाळ्यांवर सांधेदुखीचे रुग्ण स्नानाला जातात, त्यांना उष्णतेने घटकाभर आराम पडतो आणि आपल्यासारखीच माणसे भेटतात. तेवढ्यापुरता त्यांच्या श्रद्धेचा उपयोगच आहे. मात्र आजार हा देवाचा कोप किंवा पूर्वकर्माची शिक्षा आहे असे रुग्णाच्या मनावर बिंबवले गेले, तर तीच श्रद्धा विषारी होते. अमेरिकेत सुमारे सहाशे वृद्ध रुग्णांच्या दोन वर्षांच्या पाहणीत, देवाने मला टाकले, देव मला शिक्षा करीत आहे, असे मानणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, आणि हा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. खंबीर मनाचा सिद्धान्त हा त्या शिक्षेच्या कल्पनेचाच नवा वेश आहे: पूर्वी रोग हे पापाचे फळ होते, आता ते दुर्बळ मनाचे फळ झाले आहे, आणि दोन्ही न्यायासनांपुढे आरोपी म्हणून रुग्णच उभा आहे.

या सिद्धान्ताने होणारे नुकसान केवळ तात्त्विक नाही. सुनेने, मुलाने, डॉक्टरांनी आपल्याला खंबीर म्हणावे यासाठी रुग्ण दुखते ते सांगत नाही, चुकलेली गोळी लपवतो, झोप येत नाही हे दडवतो आणि शेवटी मरणाचे विचार येतात हेही दडवतो. असे विचार येतात काय, हे विचारल्याने ते बळावतात अशी भीती सर्वत्र आहे. अभ्यासांनी ती निराधार ठरवली आहे, आणि विचारणे हेच अनेकदा मदतीचे पहिले पाऊल ठरते. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ पासून उभे आहे, परंतु त्या नावाची धास्ती अशी की, मधुमेहाने त्रासून खिन्न झालेल्या माणसाला तेथील मनोविकारतज्ज्ञाकडे नेणे म्हणजे घराण्याला बट्टा, असे आजही मानले जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नसल्याचे दिसले. इतक्या मोठ्या वर्गाला आपण उपदेशावर वाटेस लावीत आहोत.

तर मग तोंड देण्याच्या रीतीला काहीच महत्त्व नाही काय? आहे, आणि ते मी आनंदाने मान्य करतो. दुखण्याच्या दिवशी काम वाटून घेणे, शक्य तेवढे रोज हिंडणे, औषधांची वेळ ठरवणे, जे बदलणार नाही त्याचा शोक करून पुन्हा जे उरले त्याकडे वळणे, या गोष्टी शिकता येतात आणि त्यांनी मन सावरते. पण त्या शिकाव्या लागतात, आणि शिकवणारा माणूस रुग्णाजवळ जावा लागतो. शेजारच्या गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवले: प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या तीव्र खिन्नतेच्या रुग्णांना, मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत, दैनंदिन कामांत हळूहळू परत गुंतवून, लक्षणीय आराम दिला, आणि त्याचा वृत्तान्त २०१७ साली प्रसिद्ध झाला. मधुमेह आणि खिन्नता ही दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर भारतातील चार दवाखान्यांत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन्ही विकारांचा एकत्र पाठपुरावा करणारा कार्यकर्ता नेमल्याने मन आणि शरीर या दोहोंच्या प्रकृतीत सुधारणा झाली. या रुग्णांचा जन्मजात स्वभाव कोणी पालटला नव्हता; त्यांच्या साधनांत एका माणसाची भर पडली होती.

म्हणून माझी मागणी उपदेशकांकडे कमी आणि व्यवस्थेकडे अधिक आहे. मधुमेह, रक्तदाब, आमवात किंवा मूत्रपिंडाचा विकार यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला झोप, भूक, उमेद आणि जगण्याची इच्छा यांविषयी दर खेपेस चार प्रश्न विचारले जावेत, आणि ते विचारण्यासाठी आशा कार्यकर्तीला प्रशिक्षण व योग्य मोबदला मिळावा. रक्तशुद्धीच्या उपचारासाठी जाणाऱ्यांच्या वाहनाची सोय उपचाराचाच भाग म्हणून मुक्रर व्हावी. दाखल्यांसाठी दीर्घकालीन रुग्णाला कचेरीत खेपा घालायला न लावता, वर्षातून ठरावीक दिवशी वैद्यकीय मंडळ आणि तहसीलचा कारकून यांनी एकाच जागी, गावाजवळ बसावे. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मानसिक आरोग्याचा मोफत सल्ला दूरध्वनीवर मिळतो, ही माहिती प्रत्येक औषधाच्या पाकिटासोबत द्यावी. आणि आजाऱ्याची सेवा करणाऱ्या घरातील स्त्रीचीही विचारपूस व्हावी, कारण तिची रीत कोणी मोजत नाही आणि तिच्या खचण्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. देवरुखात १९५४ साली इंदिराबाई हळबे यांनी मातृमंदिराची स्थापना केली तेव्हा, बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रियांना त्यांनी धीर धरण्याचे व्याख्यान दिले नाही, त्यांच्यासाठी प्रसूतिगृह उभारले. याच तालुक्यात घडलेला तो आदर्श अनुकरणासाठी पुरेसा आहे.

दीर्घ आजाराने ग्रासलेल्या माणसाला धैर्याची गरज नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु धैर्य ही त्याच्याकडून वसूल करण्याची बाब नाही. ज्याला वेळेवर औषध, परवडणारा प्रवास, ऐकून घेणारे माणूस आणि चुकल्यास दोष न देणारे घर मिळते, त्याच्या ठायी धैर्य बहुधा आपोआप दिसू लागते, आणि ज्याला यांपैकी काहीच मिळत नाही, त्याच्या ठायी ते नसल्याचा दोष त्याला देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. समाचाराला गेलेल्या प्रत्येकाने खंबीर राहा असे म्हणण्याऐवजी, पुढच्या खेपेस तुमच्याबरोबर दवाखान्यात कोण येणार आहे, असे विचारावे, आणि कोणी येणार नसेल तर स्वतः जावे.